पांढऱ्या कार्डाची शिट्टी

"नाडी लागतेय का?"

मागून हा प्रश्न आला तेव्हा ती संगणकाच्या दुकानातल्या लांबलचक टेबलावर ओणवी झाली होती. तिचा उजवा कान एका उघड्या यंत्राच्या इतका जवळ होता, की आतल्या पंख्याचा वारा केसांत शिरत होता. अशा अवस्थेत सापडलेल्या बाईने काय उत्तर द्यायचं? तिने हात वर करून 'थांबा' अशी खूण केली, शेजारच्या यंत्रापाशी सरकली, आणि तिथेही कान लावला.

दुकानदारकाकांचा एक नियम होता. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधलं चित्र ज्याच्या जिवावर पळतं तो भाग, एकदा विकलं की परत घ्यायचं नाही. पण विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाने ते हवं तेवढं चालवून बघावं. त्यासाठी टेबलावर दोन यंत्रं कायम पोट उघडं टाकून ठेवलेली असत. आज एकात काळं कार्ड होतं, एकात पांढरं. आतली चिप तीच, मेमरी तेवढीच, वेगात एकोणीस-वीस म्हणण्याइतकाही फरक नाही. काळ्याला तीन पंखे, पांढऱ्याला दोन, एवढंच. तिचं जुनं कार्ड जळाल्यापासून ती या दोघांच्या कात्रीत सापडली होती. घरी वहिनी म्हणे, "एवढा विचार तर मी तुझ्या दादाशी लग्न करतानासुद्धा केला नव्हता."

"पांढरं शिट्टी मारतंय," ती शेवटी सरळ होत म्हणाली.

"शिट्टी?" प्रश्न विचारणारा आता समोर आला. "तुमच्याकडे बघून मारत असेल. मी सकाळपासून इथे आहे, मला तर नाही मारली."

बोलणं आगाऊ होतं, पण हसू तसं नव्हतं... जरा बिचकलेलंच होतं. उंच, किरकोळ अंगाचा, गळ्यात कॅमेरा, एका हातात तापमान मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात आवाज मोजायचं. तिने त्याला ओळखलं. एकसारखी दिसणारी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवून त्यांची पारख करणारे त्याचे व्हिडिओ ती कधीपासून बघत होती. तो स्वतःला 'तराजू' म्हणवून घेई, आणि आता काकाही त्याला त्याच नावाने हाक मारत. व्हिडिओत तो जास्त गोरा दिसतो, असं तिच्या मनात आलं आणि मग आपण हे मोजत होतो याचं तिला नवल वाटलं.

"मीटरवर दोन्ही सारखीच येतात," तराजू म्हणाला. "हे बघा."

"मीटर सगळा आवाज एकत्र मोजतं. पंख्यांच्या घुंघुंमध्ये बारीक शिट्टी कुठे दिसणार त्याला?"

"काका, तुम्हाला येतेय ऐकू?"

काकांनी चष्मा वर केला, जणू त्याने ऐकू येणार होतं. "मला तर तुम्ही दोघं काय बोलताय तेही अर्धंच कळतंय."

"झालं मग. दोन विरुद्ध एक."

आता आपल्या नायिकेला कुणी खोटं पाडलेलं खपत नसे. ती तरातरा खुर्ची ओढून टेबलाकडे पाठ करून बसली. "चालवा. तुम्हाला वाटेल ते कार्ड चालवा, दुसरं नुसतं ठेवा. मी न बघता सांगते."

त्याने चालवलं. "काळं," ती म्हणाली. पुन्हा चालवलं. "पांढरं." मग त्याने लबाडी म्हणून काहीच चालवलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही गप्प आहेत. वेळ काढू नका." असं बराच वेळ चाललं. तिचं एकही उत्तर चुकलं नाही. अखेर ती वळून बघते तर तराजूने स्वतःच पांढऱ्या कार्डाला कान लावला होता. कार्ड अगदी कर्कश ओरडत होतं; तिच्या दातांत ते कळत होतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एक रेषसुद्धा हलली नव्हती.

तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. ती कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी करायची. आवाजबंद खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवायचं, काचेच्या अलीकडून एकेक सूर सोडायचा, आणि 'ऐकू आलं की बटण दाबा' म्हणायचं, हे तिचं रोजचं काम. म्हातारे पेशंट तिला कानवाली म्हणत. सूर वाजतोय, आणि काचेपलीकडचा माणूस शांतपणे वाट बघतोय की कधी वाजेल... ही शांतता तिने किती तोंडांवर पाहिली होती! तिचे कान चारचौघांसारखेच होते. वेगळे होते ते त्याचे.

सांगायला तिने तोंड उघडलंही. पण त्याआधीच तो ताठ उभा राहिला आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, या बाईंचे कान सोन्याचे आहेत!"

आणि त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की... काय सांगावं! आयुष्यभर सगळ्या बाबतीत बेताची समजली गेलेली मुलगी होती ती. उंची बेताची, गुण बेताचे, गाणं तर विचारूच नका. सोन्याचं आपल्यात काही आहे हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने तोंड मिटलं. भर दुकानात का कुणाला त्याच्या कानांबद्दल सांगायचं असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत बऱ्यापैकी पटलीसुद्धा.

"मला तुमचे कान उसने द्याल?" त्याने विचारलं. "या दोघांची तुलना पूर्ण होईपर्यंत? तुम्हालाही यातलंच एक घ्यायचंय ना, मग नीट पारखूनच घ्या."

"विचार करून सांगते," ती म्हणाली. विचार वगैरे तिने काही केला नाही.

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मोठं टेबल, त्यावर उघडी यंत्रं, वायरींचा गुंता, तिपाईवर कॅमेरा. खुर्च्या दोन, पैकी एका खुर्चीवर खोक्यांचा ढीग. पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा खोकी घाईघाईने कॉटवर गेली. पुढच्या खेपेला ती कॉटखाली गेली. त्यानंतर त्या खुर्चीवर एक उशी आली. प्रगती अशीच दिसते, दुसरं काय!

तुलनेचं काम बघणाऱ्याला वाटतं तितकं गमतीचं नसतं. काकांकडून उसन्या आणलेल्या दोन्ही कार्डांवर गेमचा तोच भाग, त्याच वेगाने, त्याच वळणांनी खेळायचा. जरा वाट चुकली की आकडे फुकट. तराजूने जंगलातली एक वाट निवडली होती. तिथे सतत पाऊस पडत असे. तेही काही मन हळवं आहे म्हणून नव्हे, तर पाऊस काढताना कार्डाची दमछाक होते म्हणून. ओलं गवत, डबक्यांत पडणारे थेंब, लाकडी पूल, आणि शेवटी एक तळं. दोघांची दोन माणसं पडद्यावर बरोबर चालत निघायची. काळ्या कार्डावर एकदा, पांढऱ्यावर एकदा, मग पुन्हा काळ्यावर. तिने कान द्यायचा, त्याने आकडे टिपायचे.

"पुलावर शिट्टी वाढते," ती सांगायची.

"आणि तळ्यापाशी?"

"तळ्यापाशी जरा शांत होते."

"माझंही तसंच होतं," तो म्हणायचा आणि मान खाली घालून आकडे लिहायचा.

एकत्र भिजायला पाऊस खराच लागतो असं नाही. 'तुम्ही' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. बहुधा ती पुलावरून पाण्यात पडली त्या दिवशी. "अगं, जातेस कुठे!" असं तो ओरडला, आणि मग दोघंही पडद्याकडे बघत राहिले. परत सुरुवातीपासून चालावं लागलं. कुणीही कुरकुर केली नाही.

एकदा तळ्यापाशी पोचल्यावर मोजणी संपली. पडद्यावरची दोन माणसं तशीच पावसात शेजारी उभी होती.

"झालं," तो म्हणाला.

"माहितीये."

"बंद करू?"

"कर की."

त्याने केलं नाही. तिनेही पुन्हा सांगितलं नाही. बराच वेळ दोघं दुसऱ्याच दोघांचं उभं राहणं बघत बसले होते.

आणि तरी मधूनमधून तिच्यातली कानवाली जागी होई. तो नेहमी तिच्या तोंडाकडे बघून बोलणं ऐकतो, हे तिने टिपलं होतं. वहिनीला वाटलं असतं, किती लक्ष देतो! तिला माहीत होतं, तो ओठ वाचतो, आणि आपण ओठ वाचतो हे त्याचं त्यालाही माहीत नाही. स्वयंपाकघरातल्या ओव्हनची टिकटिक संपून घंटी व्हायची, त्याला पत्ता नसायचा, तिलाच उठावं लागायचं. खेळताना हेडफोनचा आवाज तो कानठळ्या बसतील इतका ठेवायचा. "जरा कमी कर ना," म्हणून तिने एक-दोनदा खाली आणला. "मग मजा काय?" म्हणून त्याने पुन्हा चढवला. कॉलेजपासून हेच चाललं होतं. कानांची वाट कशाने लागली हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती, आणि अजून लागतच होती.

सांगायला हवं होतं. रोज जिना चढताना ती ठरवायची, आज सांगायचंच. पण दोन कार्डांत फरक काय, हे सांगण्यावर त्याचं पोट होतं. 'आवाज ऐकून बघितला, एकदम शांत आहे' असं त्याने आजवर ज्या ज्या कार्डाबद्दल म्हटलं, ते सगळं वाऱ्यावर जाणार होतं. आणि तिचं काय? सोन्याचे कान आहेत म्हणून तर ती त्या खुर्चीत होती. कान साधेच आहेत हे कळल्यावर उशी पुन्हा खोक्यांखाली जाणार नाही कशावरून? ही भीती तिने कुणाला बोलून दाखवली नसती, पण ती होती.

मग ती रातकिड्यांची गोष्ट झाली.

तळ्याच्या वाटेवर चालता चालता ती सहज म्हणून गेली, "रातकिडे काय सुंदर केलेत रे यांनी! पाऊस जरा मंदावला की एका बाजूने सुरू होतात आणि मग सगळ्या जंगलात..."

"कुठले रातकिडे?"

तो हसतच विचारत होता. पण हात थांबले होते. "या वाटेने मी दोन-तीन वर्षं चालतोय. इथे रातकिडे आहेत?"

संधी स्वतःहून चालत आली होती. आणि आपल्या नायिकेने काय करावं? ती म्हणाली, "नसतील. मला भास झाला असेल."

"सोन्याच्या कानांना भास?"

"होतो कधी कधी."

तिला स्वतःची लाज वाटली. ज्या कानांवर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला त्याच कानांबद्दल ती खोटं बोलली होती, आणि पाठीमागे रातकिडे बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

घरी वहिनीने तिचा चेहरा बघूनच विचारलं, "भांडलीस?"

"नाही."

"मग भांडायला हवं होतं?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. वहिनी भाजी चिरता चिरता ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने सुरी खाली ठेवली. "म्हणजे त्याला तू आवडावीस म्हणून तू त्याचे कान जाऊ देतेयस."

"असं काय म्हणतेस गं वहिनी!"

"मग कसं म्हणू? तूच सांग बरं दुसऱ्या शब्दांत."

तिने सुरी उचलून उरलेली भाजी चिरायला घेतली.

"माझ्या कामाची जागा बघायचीये का?" असं तिने विचारलं तेव्हा तराजू नवा शर्ट घालून आला. हेही तिला लागलं. दवाखान्यात दुपारची सामसूम होती. तिने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

"म्हणजे आता माझी आणि तुझी तुलना," तो म्हणाला. "एकाच जातीची दोन कार्डं. हरलो तर काय द्यायचं?"

"ऐकू आलं की दाब. बारीक असला तरी."

जड दार लागलं. जाडे सूर त्याने भराभर टिपले. दर वेळी बटण दाबून तो काचेतून तिच्याकडे विजयी मुद्रेने बघे. ती सूर बारीक करत गेली. हळूहळू तो बघेनासा झाला. भुवया आक्रसल्या, मान पुढे आली. तिच्या समोरच्या आलेखावर खुणा खाली खाली घसरत होत्या. उजवा कान, डावा कान, दोन्हींची तीच कथा. ती आवाज वाढवत होती आणि तो वाट बघत होता. एकदा तर तिचा हात हलताना पाहून त्याने अंदाजाने बटण दाबलं. लहान मुलं असं करतात. तिने मान हलवली, "नाही."

बाहेर आल्यावर त्याने आलेखाचा कागद हातात घेतला. आलेख वाचणं त्याचा धंदाच होता, समजावून सांगायची गरज पडली नाही.

"पांढरं कार्ड या इथे ओरडतं?" त्याने घसरलेल्या खुणांवर बोट ठेवलं.

"हो."

"म्हणजे ते काकांच्या दुकानात कुणालाही ऐकू आलं असतं."

"तुझ्या वयाच्या बहुतेकांना. माझे कान साधे आहेत."

"आणि तुला हे त्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"रातकिडे होते ना?"

"...होते."

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "कान गेले ते माझ्याच कर्माने गेले. तुझा त्यात काय दोष! पण मी तुला विचारलं होतं. मी दुसऱ्याला विचारतो ते खरं कळावं म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, भास झाला."

'तुम्ही' तिला बरोबर ऐकू आलं. कान साधे असले तरी तेवढं येतं.

"गेलेलं ऐकणं परत येत नाही," ती कशीबशी म्हणाली, "पण उरलेलं सांभाळता येतं. हेडफोनचा आवाज..."

"कमी करतो," तो म्हणाला आणि गेला. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिने एक निरोप पाठवला, 'माझं चुकलं.' त्यावर उत्तरही आलं नाही. ती कामाला जात होती, सूर सोडत होती, घरी येऊन गप्प जेवत होती. दादाने विचारलं, "कार्ड कधी घेतेयस?" वहिनीने त्याला टेबलाखालून पाय मारला.

मग तुलनेचा व्हिडिओ आला. वहिनी स्वतःच तिच्या शेजारी येऊन बसली. तराजूने काळं आणि पांढरं शेजारी शेजारी ठेवलं होतं. वेग सांगितला, तापमान सांगितलं. पांढरं जरा थंड राहतं, काळं जरा लांब आहे, आधी आपल्या यंत्रात मावेल का ते बघा. आणि मग त्याने स्वतःचा आलेख कॅमेऱ्यासमोर धरला.

"पांढरं कार्ड शिट्टी मारतं. मला ऐकू येत नाही, पण मारतं. ते मला एका नीट ऐकणाऱ्या व्यक्तीने सांगितलंय. आजवरच्या माझ्या तुलनांमधला आवाजाचा भाग धरू नका. तो चुकलाय. मोठ्या आवाजात हेडफोन लावून बसायची सवय असेल तर एकदा कान तपासून घ्या."

बाकी तिच्याबद्दल एक अवाक्षर नव्हतं. खाली लोकांनी त्याला धुऊन काढलं होतं. बहिरा पारखी, पैसे परत कर, काय नाही ते. पण पुढच्या दिवसांत दवाखान्यात तरणी मुलं येऊ लागली. गळ्यात हेडफोन, चेहरे ओशाळलेले. "तराजूने सांगितलं म्हणून आलो." डॉक्टर चक्रावले. ती एकेकाला आत बसवून सूर सोडत राहिली. एका मुलाने सगळे सूर ऐकले आणि बाहेर येऊन आनंदाने तिच्याशी हात मिळवला, तेव्हा तिला एकदम रडू आलं. त्या माणसाने स्वतःचं हसं करून घेतलं होतं, खरं सांगता यावं म्हणून. आणि तो तिला आवडत होता. आधीही आवडत होताच. आता तो नसताना जास्त आवडत होता, ही तर कमालच होती.

तिने आणखी निरोप पाठवले नाहीत. काम सुटल्यावर ती थेट काकांच्या दुकानात गेली. कार्ड घ्यायला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण तराजू दोन्ही कार्डं आजच परत करायला येणार आहे, हे काकांनी फोनवर सांगितलेलं होतं, त्यामुळे आपण तिच्यावर फारसा विश्वास ठेवायला नको.

तो टेबलापाशी उभा होता. तिला पाहून त्याने मान हलवली. ना धड ये म्हणाल्यासारखी, ना जा म्हणाल्यासारखी.

काकांनी दोन खोकी समोर ठेवली. "दोन्ही एकेकच उरलीत. बोला."

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. खोक्यांशी नव्हे, त्याच्याशी. "तू मला खुर्चीत बसवणार नाहीस या भीतीने बोलले. चूक झाली."

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"वाचला होता निरोप," तराजू म्हणाला. "उत्तर लिहायचो आणि पुसायचो. राग नव्हता राहिला. पण उशी असलेली खुर्ची दिसली की परत यायचा." तो जरा हसला. "पावसातली ती वाट मी पुन्हा चाललो. आवाज कमी ठेवून. रातकिडे काही आले नाहीत."

"माहितीये."

"कसे असतात तरी सांगशील कधीतरी?"

"सांगेन."

 अशा वेळी माणसं कामाचं बोलतात.

"काळं तू ने," तो म्हणाला. "तुला शांतता हवी. मी पांढरं घेतो."

"तू? शिट्टीवालं?"

"मला काय फरक पडतो? माझ्यासाठी ते गप्पच आहे. थंडही राहतं. घरात मी एकटा, कुणाला त्रास होणार?"

ती काहीतरी बोलली. खाली बघून, ओढणीच्या टोकाशी, तोंडातल्या तोंडात.

"काय?" तो म्हणाला.

पेशंटच्या घरच्यांना ती रोज सांगायची: ओरडू नका, पाठीमागून बोलू नका, समोर या, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला. सांगणं सोपं असतं. ती त्याच्यासमोर आली. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती, पण चेहरा वर केला.

"मला होईल त्रास. मला ऐकू येईल ती शिट्टी."

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. "तुझ्या घरापर्यंत?"

"नाही. तुझ्या घरात."

काकांना आज नेमकं सगळं ऐकू आलं होतं. चष्मा पुसायचा हात थांबला.

"रोज?" तराजूने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला दुसऱ्या कुणाला कष्ट पडले असते.

"रोज. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून."

 मग त्याने पांढरं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि काकांकडे सरकवलं.

"काळं एकच आहे," तो म्हणाला.

"मग काय झालं? चालायचं एकाच वाटेने ना?"

"अहो, पण मी या पांढऱ्याचं काय करू?" काकांनी तक्रार केली. "तुम्ही जगभर त्याची बदनामी करून ठेवलीत!"

"कुणाला विकाल त्याला शिट्टीचं सांगून विका काका," तराजू म्हणाला. " एकटा असेल तर घेईल."

काका काहीतरी पुटपुटत काळ्या खोक्याला दोरी बांधू लागले. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि दोरीची गाठ बसेपर्यंत त्याने तिचा हात धरला होता.